चारशे मेंढ्यांची सावड

मी परदेशी जाणार आहे ही बातमी बदलापूरच्या बेलवलीतल्या आमच्या सोसायटीत मी स्वतःच पसरवली. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच उरली नाही.

झालं असं, की साळवेचा फोन आला. जोसेफ साळवे माझा जुना सहकारी. अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही वीस वर्षं शेजारशेजारी काढली. मी खरेदी विभागात, तो स्टोअर्समध्ये. आता तो निवृत्त होऊन आपल्या चर्चचा सेक्रेटरी झालाय, म्हणजे पूर्वी नटबोल्ट मोजायचा, आता माणसं गोळा करतो. म्हणाला, "राऊत, अकरा दिवसांची रजा टाक. चर्चचं परदेशी सेवापथक आहे. राहणं-जेवण त्यांच्याकडे. इंग्रजी बोलणारा आणि जरा धडधाकट माणूस पाहिजे."

शहाण्या माणसाने इथे "कुठे?" असं विचारलं असतं. मी विचारलं, "थंडी असेल का रे?"

"सकाळी असते थोडी," साळवे म्हणाला.

एवढ्या माहितीवर मी उल्हासनगरला जाऊन एक मोठी बॅग आणि एक जाडजूड निळं जॅकेट घेऊन आलो. दुकानदार सिंधी, वयस्कर, गिऱ्हाइकाची नस ओळखणारा. "कौनसी कंट्री, साईं?" त्याने विचारलं. "अभी पक्का नहीं," मी ऐटीत म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "तो फिर ये ले जाओ. ये सब कंट्री में चलता है."

सोसायटीच्या कमिटीने मला शाल आणि श्रीफळ दिलं. सावंतकाकांनी माझ्याबद्दल चार शब्द सांगितले, त्यातले तीन मला पहिल्यांदाच कळत होते. हे सगळं आटोपल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी, मी साळवेला फोन करून विचारलं, पासपोर्टची झेरॉक्स पाठवू का?

"पासपोर्ट कशाला? वांगणीच्या पुढे जायचंय," साळवे म्हणाला. "परदेशी ते आहेत. तू नाहीस."

ज्यांना आमचा भूगोल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बदलापूरनंतरचं पुढचं स्टेशन म्हणजे वांगणी. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तर तिकडचे डोंगर दिसतात.

मी जाऊन आमच्या हिला सांगितलं. ही म्हणजे मंजिरी, माझी बायको. सकाळी शाळेत शिकवते आणि उरलेला दिवस घर चालवते. ती आधी बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, शाल परत कशी करणार आता? जा तुम्ही. अकरा दिवस इथे दिसू मात्र नका."

*

तर असा मी निघालो. खाली अर्धी सोसायटी हात हलवायला उभी. रिक्षावाल्याच्या कानाशी लागून मी हळूच म्हणालो, "अंबरनाथ." त्याने बॅगेकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अंबरनाथ? एअरपोर्ट नाय?" मी म्हणालो, तिथून गाडी आहे. हे अगदी खोटं नव्हतं. सावंतकाका ओरडले, "विमानात बाथरूम कुठाय ते आधीच बघून ठेव रे!" पुढचे अकरा दिवस मला दुसऱ्या कशाचा विचारच करावा लागणार नव्हता, हे काकांना कसं कळलं कोण जाणे.

साळवेचं चर्च कारखान्यांच्या मागच्या वस्तीत आहे. पत्र्याचं छप्पर, पंधरा बाकं, आणि मागे चर्चच्याच मालकीचं परस. त्या परसात इतकं रान माजलंय, की हरवलेला क्रिकेटचा चेंडू शोधायलाही कुणी आत शिरत नाही. कडेचं गटार मातीने बुजलेलं. पावसाळ्यात पाणी थेट बाकांखाली येतं आणि मंडळी पाय वर घेऊन प्रार्थना करतात. "एकदा साफ करून घ्यायचंय," हे साळवे मला तीन वर्षं सांगतोय.

परदेशी पथक तिथेच भेटलं. पाच माणसं, वेल्समधली. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला डोंगराळ मुलूख. पण त्याला इंग्लंड म्हणायचं नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत समजलं, कारण मी म्हटलं. तीन तरुण मुलं, मेगन नावाच्या निवृत्त शिक्षिका, आणि त्यांचा म्होरक्या एम्रिस. वय बहात्तर. उंच, वाकलेला, आणि हाताचे पंजे असे की आधी मला वाटलं त्याने हातमोजे घातलेत. घरी मेंढ्या पाळतो. हात मिळवला तेव्हा माझी अंगठी बोटात रुतली.

संध्याकाळी त्यांना शिवमंदिर दाखवायला नेलं. मी इतकी वर्षं अंबरनाथला नोकरी केली, पण देवळात शेवटचा गेलो तो मुलीच्या दहावीच्या निकालाआधी. मेगनबाई कोरीव मूर्ती बघत होत्या, मुलं एकमेकांचे फोटो काढत होती, आणि एम्रिस मात्र बाहेरच्या भिंतीला नाक लावून उभा. एक दगड संपून दुसरा सुरू होतो त्या फटीवरून त्याने नख फिरवलं.

"यात चुना नाही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं, पण पुजाऱ्यांनी मान हलवली म्हणून मीही हलवली.

"आमच्याकडे डोंगरावरच्या भिंती अशाच असतात. नुसता दगडावर दगड. मी आयुष्यभर तेच करतोय," तो म्हणाला. आणि भिंतीला त्याने दोन थापट्या मारल्या, चांगल्या बैलाला मारतात तशा.

*

दुसऱ्या दिवशी साळवेसकट सगळे टेम्पो ट्रॅव्हलरने चाफेवाडीला. वांगणी स्टेशन मागे पडलं की आधी नव्या इमारती लागतात, त्यांच्यावर स्विमिंग पूलचे फलक. मग शनिवार-रविवारच्या मालकांचे फार्महाऊस, त्यांच्यात खरोखरचे पूल, पण पाणी नसलेले. अशाच एका फार्महाऊसवर आमचा मुक्काम होता. त्याच्या पुढे मात्र शेतं, वालाचे वेल, आणि डोंगराच्या पायथ्याला तीस-पस्तीस घरांची वाडी.

काम साधं होतं. गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेला मुलींसाठी दोन संडास बांधायचे. विटा, सिमेंट, पत्रे येऊन पडले होते. मजूर लावायचे नव्हते, कारण मजूर म्हणजे हे पाच जण, तेवढ्यासाठीच समुद्र ओलांडून आलेले. गावाने साळवेला आधीच स्पष्ट विचारलं होतं, की यात धर्माचं काही नाही ना? साळवे म्हणाला होता, "अहो, संडास आहे. त्यात धर्म कुठून घालू?"

शाळेसमोर मांडव, खुर्च्या, हार. वाडीचा सगळा कारभार जिच्या शब्दावर चालतो ती पार्वतीकाकू समोरच बसली होती. साठीची, काटक, हिरव्या लुगड्यातली. एम्रिस उठला आणि तीन वाक्यं बोलून खाली बसला. मग ते मराठीत सांगायची माझी पाळी आली.

आता, समोर मांडव असला, माईक असला आणि खांद्यावर नुकतीच कुणीतरी शाल घातलेली असली, की माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते मी काय सांगू. मी दहा मिनिटं बोललो. सातासमुद्रापारून आलेले हे सेवाव्रती, तुमच्यासारख्या गोरगरिबांच्या मदतीला धावून आले आहेत, या मागासलेल्या वाडीत स्वच्छतेचा दिवा लावण्यासाठी, वगैरे. दिवा आणि संडास हे एकाच वाक्यात आणल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

टाळ्या जेमतेम वाजल्या. पार्वतीकाकूने पदर सारखा केला आणि विचारलं, "पोहे खानार ना सगळी?"

*

पोहे खाल्ले. चहा झाला. एम्रिसने बाह्या दुमडून फावडं उचललं. लगेच एका माणसाने ते त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं, दुसऱ्याने मागून खुर्ची लावली, आणि एका बाईने चहा पुढे केला. मेगनबाईंनी वीट उचलली. दोघींनी ती परत जागेवर ठेवली आणि त्यांना हळदीकुंकू लावलं. मुलांनी घमेलं धरलं तर त्यांना विहीर दाखवायला नेलं.

"काय म्हणतायत?" एम्रिसने विचारलं.

"म्हणतायत, दमून आलात, आज आराम करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम लवकर पोचलो. बघतो तर दोन्ही खड्डे खणून तयार. आमच्या आधी येऊन गावाने खणून टाकले होते आणि सगळे आपापल्या शेतावर निघूनही गेले होते. उरल्या होत्या खुर्च्या आणि चहा. एम्रिस खड्ड्यात उतरून दगड हाताळू लागला, तर एक म्हातारा काठी टेकत आला आणि काही न बोलता त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आला. बहात्तर वर्षांच्या माणसाला ऐंशी वर्षांच्या माणसाने ओढून काढल्यावर बोलायचं काय?

पाहुणचार मात्र राजेशाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. चटणीने एक वेल्शमन अर्धा तास बोलला नाही. मी तर मनातून खूष होतो. परदेशी सेवा इतकी आरामाची असते हे माहीत असतं, तर मी आधीच धर्मादाय झालो असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एम्रिस शाळेच्या गडग्यावर (नुसता दगड रचून केलेलं कुंपण) बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"राऊत," तो म्हणाला, "मी अशा आठ सहलींना गेलोय. दर वेळी कुणीतरी माझ्या हातात थापी देऊन फोटो काढतं आणि थापी परत घेतं. ही शेवटची. डॉक्टर यापुढे नाही म्हणालेत. घरी गेल्यावर आमच्या गावच्या चर्चमध्ये उभं राहून मला सांगावं लागतं, काय केलं ते. काय सांगू? चौदा कप चहा प्यायलो?"

"चहा चांगला होता म्हणावं," मी म्हणालो.

तो हसला नाही. समोर दोन खड्डे होते आणि विटांचा ढीग होता. "आम्ही गेल्यावर हे खड्डेच राहतील," तो म्हणाला. "तू यांच्यातला आहेस. जरा विचार ना, आमचं चुकलं काय?"

मी यांच्यातला आहे हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. एका स्टेशनाचं अंतर होतं, पण मी आजवर ही वाडी गाडीच्या खिडकीतूनही पाहिली नव्हती.

*

पार्वतीकाकू अंगणात वालाच्या शेंगा झोडत होती. मी ओट्यावर टेकलो आणि खरेदी विभागाच्या सवयीने आधी इकडचं तिकडचं बोलू लागलो. तिने झोडणं थांबवलं नाही.

"साहेब, कामाचं बोला."

"काकू, त्या लोकांना काम का करू देत नाही तुम्ही?"

"पाहुन्याला राबवत्यात काय कुनी?"

"ते खरं नाही," मी म्हणालो. कसा कोण जाणे, पण म्हणालो.

काकूने हातातलं दांडकं खाली ठेवलं. "मग खरा ऐका. माझी नात सातवीला हाय. दुपारी जेवाया घरी येते ती परत शाळंत जात नाय. का जात नाय ते तुमाला सांगाया नको. संडास आमाला पायजेच. पन तुमी त्या दिशी माईकवर काय बोललात? गोरगरीब. मागासलेली वाडी. मदत. आता फुकटचा बांधून घेतला तर उद्या येनारा-जानारा बोट दाखवील, ह्यो आमी बांधून दिला. आमच्या पोरी उपकाराच्या संडासात जानार नायत. त्यापेक्षा तुमचे पाहुने जेवूदेत, चहा पिऊदेत, आनि सुखानं घरी जाऊदेत. मग आमी बगू आमचा आमी."

"काकू, तो म्हातारा असं काही बोललाच नाही. ते शब्द माझे होते."

"मग तो काय बोल्ला?"

मी आठवून सांगितलं. "तो बोलला, आम्हाला येऊ दिलंत, आभारी आहोत. आम्हाला तुमच्याबरोबर काम करायचंय. चुकलो तर शिकवा."

"एवढंच?"

"एवढंच."

काकूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुमी येवडा वेळ काय बोलत व्हतात?"

मी खाली पडलेली एक शेंग उचलून सोलायला लागलो.

तिने शेंगांचा ढीग एका बाजूला सारला आणि जरा विचार करून म्हणाली, "मदत नको. सावड चालंल."

सावड म्हणजे काय ते आमच्या बदलापुरातल्या वाचकांना तरी ठाऊक असेल असं मी धरून चाललो असतो, पण मलाच ठाऊक नव्हतं. भाताच्या लावणीला एकट्या घराचे हात पुरत नाहीत. मग आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. यात पाहुणा नाही, मालक नाही, उपकारही नाही. फक्त एक गोष्ट पक्की: जो तुमच्याकडे राबला, त्याच्याकडे तुम्हाला राबायला जावंच लागतं. "इचारा त्येंना," काकू म्हणाली, "त्येंच्याकडं काय काम हाय. जमन्यासारखा असंल तर बगू."

*

मी एम्रिसला आधी माझ्या भाषणाचं सांगितलं. कबुली द्यायला चर्चवाला माणूस बरा असतो असं ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दहा मिनिटं? मला वाटलंच." मग मी सावड समजावून सांगायला लागलो, तर त्याने मला अर्ध्यावर थांबवलं.

"हे मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याच्या वडिलांच्या काळी मेंढ्यांची लोकर कापायची असली की प्रत्येक घराचा दिवस ठरलेला असे. त्या दिवशी डोंगरातली सगळी घरं त्या एका घरी. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी. न आलेल्या माणसाशी वर्षभर कुणी धड बोलत नसे. "चल," म्हणून तो उठला.

काकूच्या अंगणात आता दहाबारा बाया आणि पाचसहा पुरुष जमले होते. मी मध्ये बसलो आणि जन्मात प्रथमच जेवढ्यास तेवढं भाषांतर करू लागलो.

"तुमच्याकडं काय काम असतंय?" काकूने विचारलं.

"मेंढ्या कापायच्या असतात."

बायांत कुजबुज झाली. एकीने विचारलं, "मारायच्या?"

"नाही, नाही. लोकर. लोकर कापायची."

"मग ठीक. किती हायत?"

"चारशे."

"चारशे!" एक जण म्हणाली, "गं बाय, आपल्याला तर कोंबडी धरता येत नाय."

"शिकवतील की ते. आपन नाय का त्येंना शिकवनार." काकूने तिला गप्प केलं आणि एम्रिसकडे वळली. "कोनत्या महिन्यात?"

"जुलै."

सगळ्या अंगणाने एकदम सुस्कारा सोडला. "जुलैत नाय जमनार," काकू अगदी मनापासून वाईट वाटून म्हणाली. "जुलैत आमची लावनी असते." विमान, व्हिसा, समुद्र यांपैकी कशाचाच तिला अडथळा दिसत नव्हता. लावणी मात्र होती.

एम्रिसनेही तितक्याच गंभीरपणे मान हलवली. भात तर थांबणार नाही, मेंढ्याही थांबणार नाहीत. झालं, आता बोलणं मोडणार असं वाटत असताना कोपऱ्यातून साळवे खाकरला. म्हणाला, अंबरनाथला चर्चच्या मागे बरंच काम पडलंय. रान आहे, गटार आहे.

"अमरीशभाऊ," काकू म्हणाली. एम्रिसचं नाव तिने तिथल्या तिथे आपल्या सोयीचं करून घेतलं होतं. "तुमच्या मेंढ्यांच्या बदली तुमच्या देवाचं घर चालंल काय?"

मी भाषांतर केलं. एम्रिसने आपला तो फावड्यासारखा पंजा पुढे केला. काकूने हात मिळवला नाही, पण त्या पंजाकडे निरखून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "राबलेला हाय."

आता कोण किती दिवस याची मोजणी सुरू झाली. पाच पाहुणे, साळवे, मग काकूचं बोट माझ्यावर आलं. "आनि साहेब?"

"मी दुभाषी आहे, काकू."

"तोंडाची सावड नसते," काकू म्हणाली.

*

पुढचे सहा दिवस मी जे काही केलं त्याला काम म्हणतात, असं माझ्या पाठीने मला कळवलं. पहिल्या दिवशी विहिरीचं पाणी आणलं, म्हणजे निम्मं आणलं, निम्मं अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मला दगड वाहायला लावलं. डोक्याला टोचू लागल्यावर एका बाईने फार्महाऊसवर निरोप पाठवून माझं निळं जॅकेट आणवलं, गुंडाळून त्याची चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. उल्हासनगरचा दुकानदार खोटं बोलला नव्हता. ते खरंच सगळीकडे चालत होतं.

एम्रिस खड्ड्यात उतरला तो दोन दिवस जेवणापुरता वर आला. शोषखड्ड्याला आतून भिंत लागते, पण पाणी मुरायला तिच्यात फटीही लागतात. गावातला गवंडी विटांची जाळी करणार होता. एम्रिस म्हणाला, नदीचे दगड आहेत की. आणि त्याने नुसता दगडावर दगड रचत गोल भिंत उभी केली. त्याला काठीवाला म्हातारा वरून एकेक दगड निवडून द्यायचा. तोच, ज्याने त्याला ओढून काढलं होतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी भाषांतर करायला गेलो तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं.

भिंत पुरी झाल्यावर काकू शिडीने खाली उतरली, पदर खोचला आणि वरच्या थराला चांगली लाथ मारली. तिने दुसरी मारली. मग वर तोंड करून म्हणाली, "हालत नाय." एम्रिसने माझ्याकडे न बघताच मान लववली. हे त्याला कळलं होतं.

पाचव्या दिवशी कलत्या उन्हात गावाने पोपटी केली. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, भांबुर्डीचा (रानातला एक वासाचा पाला) बोळा कोंबायचा आणि मडकं उलटं करून भोवती जाळ लावायचा. मेगनबाईंनी शेंगा सालासकट खाल्ल्या आणि छान आहेत म्हणाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. आता त्या घरच्या झाल्या होत्या.

शेवटच्या दिवशी पाण्याची टाकी बसवायची होती आणि ती एका अंगाला कलत होती. खाली सरकवायला विटेचा तुकडा जाड व्हायचा, लाकूड पातळ. तेव्हा एम्रिसने पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक पितळी पाटी काढली. घरून करून आणली होती. 'यांच्या सेवेतून' वगैरे कोरलेलं, खाली पाचांची नावं. ती लावायची म्हणून त्याने मोठ्या जपणुकीने इथवर आणली होती. ती त्याने उलटी करून टाकीच्या बुडाखाली सरकवली आणि गवंड्याची पाणसळ लावून पातळी तपासली. बुडबुडा बरोबर मध्ये आला.

"कसली पाटी ती?" काकूने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. एका शब्दाचंही जास्त भाषांतर केलं नाही.

त्या दुपारी काकूची नात घरी जेवायला आली आणि जेवून परत शाळेत गेली. काकू अंगणातून ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली, मग आत जाऊन भांडी घासायला लागली.

*

अकराव्या दिवशी अंबरनाथला निरोपाची प्रार्थना. पहिलं गीत सुरू होतं तोच बाहेर टेम्पो थांबला. चाफेवाडीची एकोणीस माणसं उतरली, हातात कोयते, फावडी, घमेली. कुणाला काही न विचारता सगळी थेट मागच्या परसात. आत गीत, बाहेर कोयत्यांचा सपासप आवाज. गाणारे ताल चुकू लागले. दुसऱ्या कडव्याला एम्रिस उठला आणि बाह्या दुमडत मागच्या दाराने बाहेर पडला. त्याच्या मागून मी.

त्याने फावड्याला हात घातला. काकूने ते काढून घेतलं. मला वाटलं, झालं, आलो पुन्हा पहिल्या दिवसावर.

"अमरीशभाऊ," ती म्हणाली, "ही पाळी आमची हाय. तुमची झाली. बसा."

साळवेने चर्चमधली खुर्ची आणून ठेवली. कुणीतरी चहा दिला. एम्रिस बसला आणि बघत राहिला: रान कमी होत होतं, बुजलेलं गटार उघडं पडत होतं, आणि एकोणीस माणसं आपलं काम करत होती, त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. कपातला एक घोट घेऊन तो मला म्हणाला, "चहा चांगला आहे, राऊत."

"घरी सांगा तसं," मी म्हणालो.

"सांगणार आहे," तो म्हणाला, आणि या वेळी हसला.

निघताना काकूने त्याच्याकडे बघून हळहळ केली. "मेंढ्यांचं राहिलंच. लावनी नसती तर आलो असतो बगा." मला मात्र तिने वालाची एक पिशवी दिली, बायकोसाठी म्हणून.

*

बेलवलीत परतलो तेव्हा सावंतकाका गेटवरच होते. "काय रे, तिकडे एवढं ऊन?" माझं भाजलेलं नाक बघून त्यांनी विचारलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. शाल परत देऊ केली. ते म्हणाले, "राहू दे. आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. रिक्षावाला आमच्याच बिल्डिंगमधला आहे."

दोन दिवसांनी काकूच्या वालांना मोड आले. शाळेतून आल्यावर आमची ही जेवणाच्या टेबलाशी वाल सोलायला बसली आणि मी दिवाणावर पाय वर करून तिला सावडीची सगळी हकिकत पुन्हा सांगू लागलो. काकू, गडगा, पंजा, कप. मी म्हटलं, काय थोर रीत आहे बघ.

"म्हणजे जो आज आपल्या शेतात राबला, त्याच्या शेतात उद्या आपण जायचं?" तिने मान वर न करता विचारलं.

"जायचंच."

"आणि नाही गेलं तर?"

"मग गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही."

तिने मोडाच्या वालांचं पातेलं माझ्या बाजूला सरकवलं.

"सव्वीस वर्षं मी तुमच्या शेतात राबतेय," ती म्हणाली. "या इकडे. आज नुसते वाल सोला. मेंढ्यांचं पुढे बघू."